शेततळ्यातली शिकवणी

बॅग भरून झाली होती. काळे बूट, पांढरे शर्ट, पिवळ्या तापाची लस टोचल्याचा दाखला, आईनं, सिंधुबाईंनी, दुहेरी पिशवीत बांधून दिलेला येसूर मसाला, सगळं नीट बसलं होतं. घोडं अडलं होतं ते दुसरीकडंच. ज्याची बॅग, तो समाधान पाण्याला भ्यायचा. आणि निघाला होता समुद्रावर.

भ्यायचा म्हणजे थोडाथोडका नाही. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा कपिलधारला गेले, तेव्हा ज्योत्स्ना धबधब्याखाली जाऊन ओलीचिंब होऊन आली आणि हा दोन्ही चपला हातात धरून लांब एका दगडावर उभा. "या की वो," म्हणून तिनं हात ओढला, तर हात गार पडलेला. तेव्हा ती खूप हसली होती. तिचं माहेर गेवराईकडचं, गोदाकाठचं. भावांच्या मागं मागं नदीत डुंबतच ती वाढली. पाण्याला भिणारा धडधाकट माणूस तिनं तोवर पाहिलाच नव्हता.

समाधान बीडच्या एका बेकरीत भट्टीवर होता. जगाला फेरी घालणाऱ्या एका मोठ्या बोटीवर बेकरीकामाला माणसं पाहिजेत, हे ज्योत्स्नानंच मोबाइलवर वाचलं. अर्ज तिनंच भरला, पुण्याच्या मुलाखतीचा शर्ट तिनंच इस्त्री केला. निवड झाल्याचा फोन आला तेव्हा दीड वर्षाच्या मैत्रीला उचलून घेऊन ती अंगणभर नाचली. बोट गेली की पुढच्या दिवाळीपर्यंत परतायची नाही, हे डोक्यात शिरायला तिला दोन दिवस लागले. मैत्री आत्ता कुठं 'आई', 'बाबा' आणि 'कुक' एवढं बोलायची. बाबा येईल तोवर ती भांडायलासुद्धा शिकलेली असेल.

"पोहायला येतं ना?" एजंटानं विचारलं होतं.

"हो सर," समाधान म्हणाला होता.

"पट्टीचं नाही आलं तरी चालेल. पण पनवेलच्या ट्रेनिंगमध्ये जॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारावी लागते, आणि हाक येईपर्यंत शांत तरंगावं लागतं. काठावरून मागं फिरला त्याला सर्टिफिकेट नाही. सर्टिफिकेट नाही, तर बोट नाही."

ट्रेनिंग सोमवारी सुरू होणार होतं.

ही बातमी चौकात कशी पोचली कोण जाणे. समाधानचा शाळेतला दोस्त भागवत रोज त्याला चहाच्या टपरीवर गाठायचा. "काय बे समाध्या, बादलीतल्या पाण्याला भेतूस अन् समिंदरात चाललास?"

"समिंदरात न्हाई बे. बोटीत."

"अन् बोट कशात असती?"

सगळे हसायचे. समाधानही हसायचा, पण त्या रात्री भाकरी अर्धीच खायचा. उरलेली अर्धी ज्योत्स्ना झाकून ठेवायची.

गावातली पोरं पोहायला शिकतात ती मोहनरावांच्या विहिरीत. पाठीला रिकामा डबा बांधायचा आणि वरून ढकलून द्यायचं, अशी ती शाळा. समाधानचे वडील माणिकराव पोरवयात त्या विहिरीत एकदाच उडी मारून आले होते. दुसऱ्या दिवशी मोहनरावांच्या वडिलांनी इंजिन लावलं आणि गावादेखत अख्खी विहीर उपसून ओढ्याला सोडली. बौद्धवाड्यातलं पोर उतरलं म्हणून. तेव्हापासून माणिकरावांच्या घरातलं कुणी त्या वाटेला गेलं नाही, आणि समाधान पाण्यावाचूनच मोठा झाला. परवा मोहनराव स्वतः गाडी थांबवून म्हणाले, "ये की विहिरीवर. आपलीच हाय." बोलणं मनापासूनचं होतं. समाधाननं घरी येऊन सांगितलं.

माणिकराव अंगणात दोरी वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. "त्याच पाण्यात कामून उतरायचं? दुसरं पाणी बघ."

दुसरं पाणी म्हणजे रामहरीचं शेततळं. शेजारचा रामहरी बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. जाताना तळ्याच्या फाटकाची किल्ली समाधानकडं देऊन गेला होता. अधूनमधून मोटार लावून त्याच्या ज्वारीला पाणी द्यायचं होतं. तिथं चिटपाखरू नसायचं, म्हणजे हसायलाही कोणी नाही.

"मी शिकवते," ज्योत्स्ना म्हणाली.

"अगं बाई," सिंधुबाईंनी गालावर हात ठेवला. "बायकूनं नवऱ्याला पवाया शिकवायची, ही कुठली रीत?"

"रीत न्हाई आत्या. पण नवरा हाय."

सिंधुबाई हसल्या खऱ्या, आणि त्यांनी तेलाचे दोन रिकामे कॅन घासूनपुसून दिले. समाधान मात्र हसला नाही. आणि ज्योत्स्नाच्याही मनात एक नको ते घोळत होतं, जे तिनं सासूला सांगितलं नसतं, स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. हा शिकला तर जाईल. नाही शिकला तर मागं फिरेल, चार दिवस तोंड पाडून बसेल, मग पुन्हा बेकरीत जायला लागेल, आणि संध्याकाळी अंगाला मैद्याचा वास घेऊन घरी येईल. कॅनची झाकणं आवळताना तिचे हात दोन वेळा थांबले. दोन्ही वेळा तिनं ती अजून घट्ट केली.

शनिवारी दुपारी, ऊन चांगलं तापल्यावर, तिघं निघाले. सिंधुबाई लिंबागणेशला भाचीच्या घरी गेल्या होत्या, म्हणून मैत्रीला बरोबर घ्यावं लागलं. वाटेतच ती खांद्यावर झोपली. तळ्याला चारी बाजूंनी जाळीचं कुंपण होतं. कुंपणाबाहेरच्या बाभळीखाली ज्योत्स्नानं गोधडी अंथरली, लेकीला निजवलं, अंगावर ओढणी टाकली. फाटक नुसतं लोटून घेतलं. लेक रडली तर पटकन बाहेर जाता यावं, म्हणून.

तळं काठोकाठ नव्हतं, पण पाणी भरपूर होतं. चारी बाजूंना काळा कागद घातलेला. शेततळ्याच्या त्या जाड प्लास्टिकला सगळे कागदच म्हणतात. तो उतरत उतरत पाण्यात गेला होता. ज्योत्स्नाला ते बघून उलट बरं वाटलं. विहीर म्हणजे सरळ खाली. इथं उतार आहे, नदीच्या काठासारखा. हळूहळू पुढं सरकायचं, भीती वाटली की मागं यायचं.

नदीच्या पोरीला दुसरं काय सुचणार? नदीच्या उताराला वाळू असते, पाय रुततो. या उताराला काही नव्हतं.

तिनं समाधानच्या पाठीला दोन्ही कॅन बांधले, कमरेला कासऱ्याचं एक टोक बांधलं आणि दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं. तिचे भाऊ असंच करायचे. वाळूत टाचा रोवून उभं राहायचं आणि दोर धरायचा.

"हिकडं बघा. पाण्याकडं न्हाई, माझ्याकडं. बसून बसून उतरायचं. कमरेएवढ्या पाण्यात थांबायचं."

"कमरेएवढं कुठपर्यंत हाय, कळतंय का?"

"मी हाय की."

"तू हाईस गं," तो म्हणाला. त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. "मी हाय का न्हाई, तेच कळंना."

तो बसला. एक पाय पाण्यात घातला, दुसरा घातला. पाण्याखाली त्या कागदावर शेवाळाचा थर होता, पातळ, साबणाच्या पाण्यासारखा. समाधान थांबला नाही, थांबता आलंच नाही. तो घसरगुंडीवरून गेल्यासारखा सर्रकन गेला, कासरा ताठ झाला, ज्योत्स्नाच्या टाचांना रोवायला काही मिळालं नाही, आणि त्याच्यामागोमाग तीही तोंडावर पाण्यात.

पाणी हाडात शिरेल इतकं गार होतं. ती वर आली तेव्हा तिच्या गळ्याला मिठी होती. समाधाननं दोन्ही हातांनी तिला धरलं होतं, नखं खांद्यात रुतली होती, आणि तो ओरडत नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता तोंड उघडं ठेवून तिच्या अंगावर चढत होता.

"सोडा! आवो, डबे हायत पाठीला, बुडत न्हाई तुमी. सोडा!"

त्याला ऐकू जात नव्हतं. कॅन दोघांना जेमतेम पेलत होते. तिनं पाय मारत मारत त्याला काठाकडं ढकललं. काठ हातभर अंतरावर होता. तिनं कागदावर तळवा टेकला, तळवा निसटला. कोपर टेकलं, कोपर निसटलं. नखांनी ओरबाडलं तर नुसता कर्र आवाज आला. वरचा कोरडा कागद, त्यावरची माती, कुंपणाचा खांब, सगळं डोळ्यांसमोर, आणि हाताला काहीच नाही. अशा तळ्यांना वर यायला गाठी मारलेला दोर सोडलेला असतो. रामहरीनं तो जाताना गाडीवरचं सामान बांधायला सोडून नेला होता, हे तिला आत्ता, या क्षणी आठवलं.

पलीकडच्या कोपऱ्यात मोटारीचा जाड काळा पाइप वरून पाण्यात उतरला होता. तेवढंच एक धरण्यासारखं होतं. एकटी असती तर पोचली असती. गळ्यात हा माणूस घेऊन अर्ध्या वाटेत दोघं संपले असते.

"मला तिकडं जाऊ द्या. पाइप धरून वर जाते, मग तुमाला काढते."

"सोडू नकू." त्याचा पहिला शब्द. "ज्योत्स्ना, मला सोडू नकू."

"डबे हायत वो—"

"सोडू नकू!"

आणि तेव्हा वरून आवाज आला. "आई?"

मैत्री उठली होती. लोटलेलं फाटक ढकलून आत आली होती. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, ओढणी मागं फरपटत. आई पाण्यात, बाबा पाण्यात, हे बघून तिला मजा वाटली. ती हसली आणि पुढं निघाली. अजून चार पावलं आणि काळा उतार.

ज्योत्स्नाच्या तोंडून किंकाळी फुटणार होती. तिनं ती गिळली. ओरडलं की ही पोर धावत येते. रडत रडत, हात पसरून, सरळ अंगावर येते. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि ते दोघंही पाण्यात होते.

"मैत्रू," ती हसऱ्या आवाजात म्हणाली. तो आवाज तिनं कुठून आणला, तिचं तिला माहीत. "बस बघू. माझं बाळ खाली बसतं का? बस, बस."

मैत्री थांबली. विचार करू लागली. एक पाऊल आणखी पुढं टाकलं.

ज्योत्स्नाच्या गळ्याभोवतीची मिठी सुटली.

तिनं वळून पाहिलं. समाधान तिच्यापासून हातभर लांब गेला होता. दोन्ही हात पाण्यावर पसरलेले, हनुवटी वर, डोळे लेकीवर. पाठीचे कॅन त्याला धरून होते. तो तिच्याकडं न बघता दबक्या आवाजात म्हणाला, "जा. पाइपाकडं जा. मी बसवून ठेवतो तिला."

"तुमी—"

"जा म्हणलं ना!" आणि लगेच, निराळ्याच आवाजात, "मैत्रू! बाबा कुठंय? बाबा गेला!"

आणि त्यानं तोंड पाण्यात घातलं.

ज्योत्स्ना जागच्या जागी थिजली. हा माणूस न्हाताना डोक्यावर तांब्या ओतायचा तर डोळे आवळून, श्वास धरून. त्यानं अख्खं डोकं पाण्यात घातलं होतं. वर फक्त दोन कॅन दिसत होते. मग तो फुर्रकन वर आला, नाकातोंडातून पाणी, आणि खोकल्यातच ओरडला, "कुऽऽक!"

मैत्री खदखदून हसली. आणि मटकन खाली बसली. घरी हा खेळ बसूनच व्हायचा. बाबा चादरीआड, ती समोर मांडी घालून.

"कुक!" ती म्हणाली. पुन्हा कर, म्हणजे.

ज्योत्स्नानं मनगटाचा कासरा सोडवला आणि पाण्यात झेपावली.

गोदावरीत ती कितीदा आडवी पोहली होती. हे तळं त्यापुढं काहीच नव्हतं, आणि ते संपता संपेना. भिजलेला कुर्ता पायात अडकत होता. मागून आवाज येत होते, आणि ती त्या आवाजांवरच पोहत होती. फुर्र. कुऽऽक! हसू. मग शांतता. ही शांतता आधीच्यापेक्षा लांब का? मग पुन्हा फुर्र, खोकला, जोराचा खोकला. कुक म्हणायला उशीर झाला. "कुक!" लेकच ओरडली, चिडून. "कुक!" मग त्याचा आवाज, बसका, घोगरा, "कुऽक, बाळा. कुक."

हाताला पाइप लागला. तोही गुळगुळीत होता, पण गोल होता, मिठीत येत होता. तिनं हात, पाय, गुडघे, सगळं त्याला आवळलं आणि सरपटत वर निघाली. एकदा खाली घसरली. गुडघा सोलला. पुन्हा चढली. कागदाच्या वरच्या कडेची माती दातांत आली तेव्हा कळलं की आपण बाहेर आहोत.

मग ती बांधावरून धावली. हाक न मारता, पावलांचा आवाजही होऊ न देता, मागच्या बाजूनं. मैत्री हात पुढं करून उठायच्या बेतात होती, खेळ जरा रेंगाळला होता ना. ज्योत्स्नानं तिला मागून उचललं आणि इतकं आवळलं की ती रडायलाच लागली.

"घेतलं!" ती ओरडली. "घेतलं मी तिला! समाधान!"

तो पाण्यात उताणा होता.

मग तिला त्याचं पोट वर-खाली होताना दिसलं. कॅन काखेकडं सरकले होते, कान पाण्यात होते, तोंड आभाळाकडं. तो श्वास घेत होता. ओठ निळे पडले होते, पण हातपाय झाडत नव्हता.

"समाधान! ऐकू येतंय का तुला? पाइपाकडं ये. असाच, उताणाच. पाय मार नुसते. मी बाजूनं चालते."

त्यानं पाय मारले. पहिल्यांदा वेडेवाकडे, जागच्या जागीच गरगर फिरला. मग थोडा सरकला.

"हां. तसंच. सरळ ये. डावीकडं चाललास, डावीकडं न्हाई रे! हां."

रडणाऱ्या लेकीला कडेवर घेऊन ती बांधावरून चालत होती, आणि तो खाली पाण्यातून येत होता. तिची चाल त्याच्यापेक्षा जलद व्हायची, मग ती थांबायची. मध्येच एकदा त्याच्या तोंडावरून लाट गेली, तो गपकन आत गेला, आणि ज्योत्स्ना मैत्रीला खाली ठेवायला कमरेत वाकलीसुद्धा. पण तो आपला आपण वर आला. थुंकला. पुन्हा पाय मारू लागला. ती सरळ झाली.

मघापासून मनात घोळणारं ते नको ते कुठं गेलं होतं, तिनं शोधलं नाही. ये, एवढंच ती म्हणत होती. ये, ये, ये.

त्याच्या हाताला पाइप लागला. त्यानं तो धरला, कपाळ टेकलं, आणि तसाच राहिला.

तिनं लेकीला कुंपणाबाहेर नेऊन गोधडीवर बसवलं, फाटक तारेनं बांधून घातलं आणि परत येऊन पाइपाशी पालथी पडली. कुंपणाच्या खांबाला पाय अडकवले, हात खाली सोडला. कमरेच्या कासऱ्याचं मोकळं टोक त्यानं वर फेकलं, तिनं उठून ते खांबाला दोन वेढे देऊन आवळलं आणि पुन्हा पालथी झाली. तो चढू लागला. घसरला, पुन्हा चढला. शेवटी त्याचा हात तिच्या हातात आला आणि तो वर बांधावर येऊन पडला.

बराच वेळ दोघं नुसते पडून होते. दात वाजत होते. बाहेरून मैत्री जाळीला तोंड लावून ओरडत होती, "कुक! कुक!"

"आता न्हाई गं माये," समाधान आभाळाकडं बघत म्हणाला. "बाबाचं दुकान बंद झालं."

ज्योत्स्ना हसायला गेली आणि हसता हसताच रडू लागली. त्यानं तिला रडू दिलं.

"मला अरे-तुरे केलंस मघाशी," तो थोड्या वेळानं म्हणाला.

"मग?"

"काय न्हाई. बरं वाटलं."

तो कोपरावर उठला. पाण्याकडं पाहिलं. ज्योत्स्नानं त्याच्याकडं पाहिलं. भट्टीतला पहिला पाव फुगून वर आला की तो असा बघतो, हे तिला ठाऊक होतं. बेकरीच्या दारात उभं राहून तिनं ते लग्नाआधीच पाहून ठेवलं होतं.

"खाली आवाजच न्हाई गं," तो म्हणाला. "मला वाटायचं, लई गलका आसंल. कान आत गेले की सगळं गप. तिचं हसू तेवढं येत होतं, लांबून." मग पाठीचे कॅन चाचपत, "उडी मारंन मी. जॅकेट तर हाय की तिथं. डब्यापरीस बरं."

"मारशील."

तिनं त्याचा हात अजून सोडला नव्हता. मघाशी याच हातानं तिच्या खांद्यात नखं रुतवली होती, तिथं आता आग होत होती. आता तो हात सैल होता, शांत, कशालाही न धरणारा. तिनं तो दोन्ही हातांत घेऊन घट्ट आवळला, त्याला दुखेल इतका घट्ट.

"आगं," तो म्हणाला, "हितंच हाय की मी."

"सोमवारपर्यंत," ती म्हणाली.